वायर्ड कंट्रोलर हवा: एक्सबॉक्स सिरीज एस आणि विंडोज पीसी, दोन्हीकडे एकच

हाफटाइम

हॉलमध्ये एक्सबॉक्स सिरीज एस आहे, आतल्या खोलीत विंडोज ११ चा पीसी. दोन्हीकडे चालेल असा एकच वायर्ड पॅड घ्यायचा आहे. सेल बदलण्याची कटकट नको, ब्लूटूथ नको. खेळ तीनच: ईए एफसी (फुटबॉल), फोर्झा होरायझन ५ (गाड्यांची शर्यत) आणि रॉकेट लीग (गाड्यांचा फुटबॉल). टीव्ही ते सोफा अंतर टेपने मोजलं, पावणेतीन मीटर भरलं. बजेट पाच हजार, थोडं वरखाली चालेल.

१) दीड हजाराच्या आत ऑनलाइन ढीगभर वायर्ड पॅड दिसतात. वर्णनात ‘पीसी आणि कन्सोल’ लिहिलेलं असतं. ते सिरीज एसवर चालतात का?
२) एक्सबॉक्स ३६० चा जुना वायर्ड पॅड आहे, पीसीवर अजून ठणठणीत. तो सिरीज एसला लावता येईल का?
३) हॉल इफेक्ट (चुंबक आणि सेन्सरवर चालणाऱ्या) स्टिकसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का?
४) १००० हर्ट्‌झ पोलिंग म्हणून जाहिरात करतात, त्याचा खरंच फरक पडतो का?

वायरवाला

आधी कन्सोल बघा, पीसी शेवटी. पीसी जवळजवळ काहीही पोटात घेतो, कन्सोल नाही. म्हणून ‘पीसीला चांगला पॅड, जमलं तर एक्सबॉक्सलाही’ असा शोध घेतला की फसायला होतं.

एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स/एस हे पॅड जोडताक्षणी त्याची ओळख तपासतात. मायक्रोसॉफ्टचं लायसन्स घेतलेल्या पॅडलाच आत प्रवेश. नोव्हेंबर २०२३ पासून विनापरवाना ॲक्सेसरी सरसकट बंद करायला सुरुवात झाली. त्याआधी जे चिनी पॅड आणि ॲडॅप्टर गुपचूप चालत होते, त्यांच्यावर ०एक्स८२डी६०००२ हा एरर दिसायला लागला. तेव्हा डब्यावर ‘डिझाइन्ड फॉर एक्सबॉक्स’ हा शिक्का शोधायचा. वर्णनात नाही, डब्याच्या फोटोवर. वर्णन विक्रेता लिहितो आणि ‘कन्सोल’ म्हणजे बऱ्याचदा पीएस३ (जुनं प्लेस्टेशन) असतं, ते तो सांगत नाही. दीड हजाराच्या आतले जे पॅड तुम्हाला दिसतायत ते बहुतेक पीसी, अँड्रॉइड आणि पीएस३ साठीचे. पीसीपुरते घेतले तर वाईट नाहीत, सिरीज एसला लावले तर शोभेची वस्तू.

३६० चा पॅड सिरीज एसवर चालत नाही. एक्सबॉक्स वनवरही चालत नव्हता, कारण कन्सोलशी बोलण्याची भाषाच त्या पिढीत बदलली. मध्ये ॲडॅप्टर घालणं हा मार्ग आता भरवशाचा नाही: आज चालला तरी पुढच्या अपडेटला तोच एरर येऊ शकतो. पीसीला मात्र तो पॅड ठेवा, टाकू नका. एक्सइनपुट ही विंडोजची पॅड वाचण्याची पद्धत मुळात त्याच पॅडबरोबर आली, त्यामुळे कुठलाही खेळ तो लगेच ओळखतो.

उलट दिशेने मात्र सगळं सोपं आहे. एक्सबॉक्सचं लायसन्स असलेला वायर्ड पॅड विंडोज १० किंवा ११ ला लावला की ड्रायव्हर न टाकता एक्सइनपुट पॅड म्हणून उभा राहतो. म्हणजे तुमच्या दोन्ही यंत्रांचं उत्तर एकच.

आता पर्याय. पाच हजाराच्या आसपास दोन वाटा आहेत.

एक, मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वायरलेस पॅडच वायरने वापरायचा. सिरीज पिढीच्या पॅडला यूएसबी-सी आहे (एक्सबॉक्स वनच्या पॅडला मायक्रो यूएसबी). डेटा केबल जोडली की तो वायर्ड होतो, वीजही तिथूनच घेतो. सेल काढून टाका, सेलशिवाय चालतो आणि हातात हलकाही लागतो. साध्या डब्यात केबल नसते, वेगळी घ्यावी लागते.

दोन, लायसन्सवाला पण दुसऱ्या कंपनीचा, मुळातच वायर्ड पॅड. गेमसर जी७ एसई हा या भावातला सगळ्यात जास्त सुचवला जाणारा: स्टिक आणि ट्रिगर (तर्जनीने दाबायच्या खालच्या कळा) दोन्ही हॉल इफेक्ट, मागे दोन जादा बटणं, ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक, सुटी होणारी ३ मीटरची यूएसबी-सी केबल. पॉवरए आणि पीडीपीचेही वायर्ड पॅड याच पट्ट्यात येतात, पण त्यांच्या एकाच नावाखाली जुनी-नवी मॉडेलं मिसळलेली असतात. जुन्यात साध्या स्टिक आणि मायक्रो यूएसबी, नव्या काहींत हॉल. नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर जुळवा.

रेझर वुल्व्हरिन व्ही२ ची केबल पॅडमधून सुटत नाही. बजेटमध्ये मिळाला तरी हे लक्षात ठेवा. केबल तुटली की पॅड खोलावा लागतो.

चौदा_टाके

हॉल इफेक्टबद्दल.

साध्या स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर (पॉट) असतात, आडव्या हालचालीला एक, उभ्याला एक. आत कार्बनचा पट्टा आणि त्यावरून घासत फिरणारं धातूचं टोक. स्टिक सोडल्यावर ते टोक मध्यावर येतं, म्हणजे पट्ट्याचा मधला भाग सगळ्यात जास्त घासला जातो. तिथला कार्बन झिजला किंवा त्याची भुकटी साचली की मध्याचा आकडा सरकतो. जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब खरखरायला लागतो, तोच हा प्रकार. खेळातला माणूस आपोआप चालायला लागतो त्याला आपण ड्रिफ्ट म्हणतो.

हॉल स्टिकमध्ये घासणारं काही नाही. स्टिकच्या बुडाला चुंबक, समोर सेन्सर. चुंबक हलला की क्षेत्र बदलतं, सेन्सर ते मोजतो. टीएमआर हा त्याच कल्पनेचा नवा अवतार: त्यालाही चुंबकच लागतो, वीज कमी लागते. बॅटरीच्या पॅडमध्ये ते महत्त्वाचं, वायर्डमध्ये तुम्हाला त्याचं काही देणंघेणं नाही. वायर्ड पॅड घेताना टीएमआरसाठी जादा पैसे मोजू नका.

पण ‘हॉल म्हणजे कायमचं टिकणार’ हेही खरं नाही. स्प्रिंग सैल पडते. स्टिकचा दांडा भोवतीच्या कडेवर घासतो आणि पांढरी भुकटी पडते. एल३-आर३ चं, म्हणजे स्टिक आत दाबल्यावरचं, क्लिक करणारा स्विच साधाच असतो, तो आधी जातो. आणि सेन्सरचा आकडा फर्मवेअर (पॅडच्या आतलं सॉफ्टवेअर) कसा वाचतं यावर सगळं अवलंबून. खराब फर्मवेअर असेल तर हॉल स्टिक मध्याभोवती मोठा डेडझोन (हलवलं तरी दखल न घेणारा भाग) लपवते, वरून कोपऱ्यांत उडी मारते. रॉकेट लीगमध्ये हळू वळण घेताना हे लगेच हाताला जाणवतं.

दुरुस्तीचा हिशेबही बघा. साध्या स्टिकचं एक मॉड्यूल बोर्डाला १४ ठिकाणी डाग देऊन बसवलेलं असतं: दोन पॉटचे सहा, स्विचचे चार, पत्र्याच्या कवचाचे चार. दोन्ही स्टिक बदलायच्या म्हणजे २८ डाग उतरवायचे. साध्या सोल्डरिंग गनने ओढाताण केली तर बोर्डाची तांब्याची चकती उखडते आणि पॅड गेला. डिसोल्डरिंग पंप, कथील शोषणारी वात आणि भरपूर फ्लक्स हवं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब पॉटच्या फटीत सोडून स्टिक फिरवली तर भुकटीचा ड्रिफ्ट काही काळ जातो, झिजेचा जात नाही.

म्हणून माझं मत: दोन सारख्या भावाच्या लायसन्सवाल्या पॅडमध्ये एक हॉल असेल तर तो घ्या. हॉलच्या नावाखाली दुप्पट भाव असेल तर नको.

डेडझोन

चौदा_टाके यांचं स्टिकबद्दलचं सगळं मान्य, पण हाफटाइम फोर्झा खेळणार आहेत आणि त्यांना कोणीच ट्रिगरमधल्या, थरथर निर्माण करणाऱ्या मोटारींबद्दल सांगितलं नाही.

मायक्रोसॉफ्टच्या पॅडमध्ये चार मोटारी असतात: दोन मुठींत, दोन ट्रिगरमध्ये. फोर्झात ब्रेक लॉक झाला की डावा ट्रिगर बोटाखाली थरथरतो, मागची चाकं जागेवर फिरायला लागली की उजवा. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून खेळणाऱ्याला हा थरार म्हणजे अर्धी माहिती आहे. दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त वायर्ड पॅडमध्ये बहुतेक वेळा मुठीतल्या दोनच मोटारी असतात. डब्यावर ‘इम्पल्स ट्रिगर’ किंवा ट्रिगरमध्ये रंबल (थरथर) असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाही असंच समजा.

पीसीवर त्यात आणखी एक मेख आहे. एक्सइनपुटला फक्त दोन मोटारी माहीत आहेत, डावी आणि उजवी. ट्रिगरच्या मोटारींसाठी त्यात जागाच नाही. खेळाने मायक्रोसॉफ्टची नवी पद्धत वापरली असेल तरच त्या हलतात, आणि स्टीम इनपुट (पीसीवर खेळ विकणाऱ्या-चालवणाऱ्या स्टीमची स्वतःची पॅड हाताळण्याची सोय) मध्ये आलं की पुन्हा बंद. पीसीवर ट्रिगर मुके वाटले तर त्या खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोलर या भागात जाऊन स्टीम इनपुट बंद करून बघा, मग पॅडला दोष द्या.

निवड अशी होते: फोर्झा जास्त, तर मायक्रोसॉफ्टचा पॅड आणि डेटा केबल. ईए एफसी आणि रॉकेट लीग जास्त, तर हॉल स्टिकचा वायर्ड. दोन्ही गोष्टी या बजेटात एकत्र शोधत बसू नका.

एक सूचना ‘ट्रिगर स्टॉप’ असलेल्या पॅडबद्दल. मागची कळ सरकवली की ट्रिगर माउसच्या बटणासारखा टक-टक होतो. नेमबाजीच्या खेळाला छान. फोर्झात त्याच अवस्थेत राहिला तर ॲक्सिलरेटर एकतर शून्य, नाहीतर पूर्ण. कळ मूळ जागी आहे ना, ते आधी बघायचं.

पोलिंगचं गणित सोपं आहे. १२५ हर्ट्‌झ म्हणजे पॅडला दर ८ मिलिसेकंदांनी विचारणा, सरासरी ४ मिलिसेकंद वाट. १००० हर्ट्‌झ म्हणजे दर १ मिलिसेकंदाला, सरासरी अर्धा. वाचले साडेतीन मिलिसेकंद. ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर टीव्ही एकटा कित्येक फ्रेम खातो. तेव्हा आधी गेम मोड चालू करा, तो फुकट आहे. शिवाय वायर्ड पॅडवर लिहिलेले १००० हर्ट्‌झ बहुधा पीसीपुरतेच असतात. लहान अक्षरात ‘ऑन पीसी’ लिहिलेलं सापडेल.

मधली_बर्थ

थोडं विषयांतर करतो. हाच प्रश्न पीएस५ आणि पीसीसाठी असेल तर? शिवाय घरात निन्टेंडो स्विचही आहे. तिन्हीला एकच पॅड मिळेल का?

वायरवाला

मधली_बर्थ, तिन्हीला एकच पॅड शोधण्यात वेळ घालवू नका. मायक्रोसॉफ्टसारखीच सोनीही आपलं कुलूप लावून बसलीय.

पीएस५ साठी सोनीचा स्वतःचा पॅड, डुअलसेन्सच घ्या आणि वायरने वापरा. सेटिंग्ज, ॲक्सेसरीज, कंट्रोलर, मग कम्युनिकेशन मेथडमध्ये ‘यूएसबी केबल’ निवडायचं. हे केलं नाही तर केबल लावूनही तो ब्लूटूथनेच बोलतो, वायर फक्त चार्जिंग करते. अनेकजण इथेच फसतात आणि वायरने फरक पडत नाही म्हणून सांगत फिरतात. सुटा डुअलसेन्स घेतला तर डब्यात केबल नसते.

पीएस४ चा डुअलशॉक ४ पीएस५ ला जोडला जातो, पण त्यावर फक्त पीएस४ चे खेळ खेळता येतात. पीएस५ चा खेळ उघडला की तो नकार देतो.

दुसऱ्या कंपन्यांच्या पीएस५ पॅडमध्ये बहुधा ॲडॅप्टिव्ह (दाबताना कमी-जास्त विरोध करणारे) ट्रिगर नसतात. होरीचा फायटिंग कमांडर ऑक्टा वायर्ड आहे आणि पीएस५, पीएस४, पीसी तिन्हीवर चालतो म्हणून यादीत वर दिसतो, पण तो मारामारीच्या खेळांसाठी आहे: समोर सहा बटणं आणि उजवी स्टिकच नाही. कॅमेरा फिरवायचा कुठलाही खेळ त्यावर खेळता येणार नाही.

पीसीवर डुअलसेन्स हा एक्सइनपुट पॅड नाही. स्टीममधून खेळलात तर स्टीम भाषांतर करतं. स्टीमबाहेर बऱ्याचदा तेच काम करणारं डीएस४विंडोज हे सॉफ्टवेअर लागतं. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवलं की एक बटण दाबल्यावर दोनदा दाबल्यासारखं होतं, मेनूत एक सोडून एक ओळ निवडली जाते. दोनपैकी एक बंद करायचं. ॲडॅप्टिव्ह ट्रिगर पीसीवर काही मोजक्याच खेळांत चालतात, तेही बहुधा वायर लावूनच.

आणखी एक हमखास तक्रार: डुअलसेन्स वायरने पीसीला लावला आणि स्पीकर गप्प झाले. विंडोजला तो साउंड कार्ड वाटतो आणि आवाज तिकडे वळतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट परत आपल्या स्पीकरवर न्यायचं. पुन्हा पुन्हा होत असेल तर साउंड सेटिंग्जमध्ये पॅडचं ते आउटपुट डिसेबल.

स्विचसाठीचे वायर्ड पॅड वेगळेच ठेवा. त्यांचे ट्रिगर फक्त चालू-बंद असतात, अर्धवट दाब ही कल्पनाच स्विचला नाही, त्यामुळे असा पॅड पीसीवर गाड्यांच्या खेळाला निरुपयोगी. ए-बी आणि एक्स-वाय यांच्या जागाही उलट. स्वस्त लायसन्सवाल्या वायर्ड पॅडमध्ये रंबल आणि जायरो (पॅड तिरका केलेला ओळखणारा सेन्सर) नसतात. स्विचचा प्रो कंट्रोलर वायरने चालवायचा तर सिस्टम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर अँड सेन्सर्सखाली ‘प्रो कंट्रोलर वायर्ड कम्युनिकेशन’ चालू करावं लागतं.

जोड_वायर

सगळे स्टिकवर बोलतायत. वायर्ड पॅड बंद पडतो तो वायरीमुळे, आणि हाफटाइमचं माप चुकलेलं आहे.

पावणेतीन मीटर हे हवेतलं सरळ अंतर. वायर हवेत ताणून खेळणार नाही तुम्ही. कन्सोलपासून जमिनीपर्यंत अर्धा मीटर, जमिनीवरून पावणेतीन, सोफ्यावर मांडीपर्यंत परत अर्धा. झाले पावणेचार. ३ मीटरची केबल तुम्हाला अपुरी पडणार. ती ताणून लावली तर रोज पॅडच्या तोंडाशी ताण येतो आणि यूएसबी-सीचं सॉकेट बोर्डावरून हलायला लागतं. स्टिकआधी ते जाईल.

यूएसबी २.० ला एका केबलीत ५ मीटरपर्यंत मर्यादा आहे, पॅडला २.० च लागतं. तेव्हा दोनपैकी एक करा:

— सुटी होणारी केबल असलेला पॅड घ्या आणि ४ ते ५ मीटरची डेटा केबल वेगळी आणा. विजेच्या तारा जाड हव्यात. पॅकेटवर २४ एडब्ल्यूजी असेल तर उत्तम, २८ बारीक (हा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक). बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि ते नेमकं रंबल जोरात झाल्यावर पडतं: गोल झाला, मोटारी घुमल्या, पॅड क्षणभर तुटला. पॅड बिघडलाय असं वाटतं, दोषी केबल असते.

— किंवा ३ मीटरच्या केबलीला २ मीटरची यूएसबी-ए एक्स्टेन्शन. जोड जमिनीवर, टीव्हीच्या बाजूला ठेवा. कोणाच्या पायात वायर आली तर जोड सुटेल, कन्सोल खाली येणार नाही. सिरीज एसचं वजन दोन किलोसुद्धा नाही, ती वायरीबरोबर सहज ओढली जाते. तुमच्या जुन्या ३६० च्या वायरीत प्लगजवळ जो सुटणारा जोड आहे ना, तो याचसाठी दिला होता. चांगली गोष्ट होती, नव्या पॅडमध्ये दिसत नाही.

फोनच्या चार्जरबरोबरच्या फुकट केबली वापरू नका. काहींत फक्त विजेच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतात. दिवा लागतो, पॅड दिसत नाही. तपासणी अशी: त्याच केबलीने फोन पीसीला लावा, फोनमधल्या फाइली दिसल्या तर केबल डेटाची आहे.

केबलचं डोकं किती जाड आहे तेही बघा. काही पॅडचं सॉकेट खोलगट खाचेत असतं, जाड डोक्याची केबल तिथे पूर्ण बसत नाही. बसल्यासारखी वाटते आणि हात हलला की सुटते.

दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावून पॅड दिसत नसेल आणि ए-ते-सी केबलने दिसत असेल, तर पॅडमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रोध वाचवलेले आहेत. ते नसतील तर समोरचं सी पोर्ट वीजच सोडत नाही. स्वस्त पॅडमध्ये हे होतं. ए-ते-सी वापरा, विषय संपला. सिरीज एसवर तसेही सगळे पोर्ट ए आहेत, पुढे एक, मागे दोन.

पीसीवर थोड्या थोड्या वेळाने पॅड तुटत असेल तर पुढच्या पॅनेलचा पोर्ट सोडून मदरबोर्डाच्या मागच्या पोर्टला लावा. तरीही होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा.

आणि वायर पॅडभोवती गुंडाळून ठेवू नका. तोंडाशी तीच एक जागा रोज वाकते आणि आतली तार तुटते. मोठं, सैल वेटोळं घालून बाजूला टांगा.

चौदा_टाके

पॅड हातात आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत हे तपासा, पंधरा मिनिटांचं काम आहे. आधी फर्मवेअर अपडेट, मगच तपासणी. मायक्रोसॉफ्टचा पॅड असेल तर एक्सबॉक्स ॲक्सेसरीज ॲप, दुसरा असेल तर त्या कंपनीचं ॲप.

विंडोजचं बटण आणि आर, त्यात जॉय डॉट सीपीएल टाइप करायचं, पॅड निवडून प्रॉपर्टीज. स्टिक पूर्ण एका बाजूला ओढून झटक्यात सोडा. आठही दिशांना, प्रत्येकी तीन-चार वेळा. दरवेळी फुली जवळजवळ त्याच ठिकाणी परतली पाहिजे. मध्यापासून किंचित बाजूला थांबली तर चालेल, दरवेळी वेगवेगळ्या ठिकाणी थांबली तर नाही. मग अगदी हळू, अंगठ्याला जेमतेम जाणवेल इतकं ढकला. फुली उडी न मारता सरकली पाहिजे.

किंचित म्हणजे किती? स्टिकचा आकडा उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७ असतो. मायक्रोसॉफ्टने सुचवलेला डेडझोन डाव्या स्टिकला ७८४९, उजव्याला ८६८९, म्हणजे साधारण २४ आणि २६ टक्के. यावरून कळेल की मुळात किती सैलपणा गृहीत धरला होता. नव्या पॅडने मध्यावर दोन-चार टक्के दाखवले तर घाबरू नका. दहाच्या पुढे गेलं तर परत करा.

डी-पॅडवर (चार दिशांच्या बटणावर) अंगठा वर ठेवून डावी-उजवीकडे लोळवा, चुकून तिरपी दिशा लागते का बघा. ईए एफसीमध्ये डावपेच डी-पॅडवर असतात, तिथे नको तो पर्याय निवडला जातो. एलबी-आरबी (ट्रिगरच्या वरची बटणं) बाहेरच्या टोकाला आणि आतल्या टोकाला, दोन्हीकडे दाबून बघा. काही पॅडमध्ये आतल्या टोकाला दाबलं की क्लिकच होत नाही. स्टिक पूर्ण पुढे ढकलून ठेवून एल३ दाबा, धावताना हेच करायचं असतं. शेवटी केबल लावलेली असताना तोंडाशी हलकेच हलवा, पॅड तुटायला नको.

हाफटाइम

सगळ्यांचे आभार. हॉल स्टिकचा, एक्सबॉक्सचं लायसन्स असलेला वायर्ड पॅड घेतला, २ मीटरची एक्स्टेन्शनही. सिरीज एसवर लगेच चालू झाला. पीसीवर जॉय डॉट सीपीएलमध्ये स्टिक ठीक दिसतात, पण ट्रिगरमध्ये काहीतरी गडबड आहे. डावा दाबला की झेड नावाची पट्टी एकीकडे जाते, उजवा दाबला की दुसरीकडे. दोन्ही एकत्र पूर्ण दाबले की पट्टी मध्यावर, जणू काही दाबलंच नाही. परत करू का?

डेडझोन

नका करू, पॅड बरोबर आहे. जॉय डॉट सीपीएल ही खिडकी जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीने वाचते. त्या पद्धतीत एक्सबॉक्सच्या पॅडचे दोन्ही ट्रिगर मिळून एकच अक्ष मानला जातो, म्हणून ते एकमेकांना खोडून काढतात. एक्सइनपुटमध्ये दोन्ही वेगळे असतात, प्रत्येकी ० ते २५५. फोर्झा आणि रॉकेट लीग दोन्ही ट्रिगर वेगळे वाचतात, त्यामुळे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबता येतील. ट्रिगर खरेच तपासायचे तर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये कंट्रोलर या भागातली चाचणी उघडा किंवा ब्राउझरमधलं एखादं गेमपॅड टेस्टर. तिथे दोन पट्ट्या दिसतील. न दाबता बरोबर शून्य आणि पूर्ण दाबल्यावर टोकापर्यंत जायला हव्यात. ९५ टक्क्यांवर थांबल्या तर पॅडच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं कॅलिब्रेशन करा, त्यानेही नाही झालं तरच परत.

हाफटाइम

टेस्टरमध्ये दोन्ही शून्यापासून टोकापर्यंत जातात. आता फोर्झात डेडझोन किती ठेवू?

डेडझोन

ॲडव्हान्स्ड कंट्रोल्समध्ये जा. स्टीअरिंगचा आतला डेडझोन ० वर आणून सरळ रस्त्यावर स्टिक सोडून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एकेक वाढवत न्या, हॉल स्टिकला ५ च्या पुढे जावं लागू नये. बाहेरचा १०० ठेवा. ॲक्सिलरेटर आणि ब्रेकचेही आतले ०, बाहेरचे १००. रॉकेट लीगमध्ये साधा डेडझोन ०.०५ च्या आसपास आणा, पण डॉज डेडझोन त्याबरोबर खाली आणू नका. तो कमी झाला की साधी दुहेरी उडी मारताना गाडी कोलांटी मारते.

जोड_वायर

आणि एक्स्टेन्शनचा जोड रस्त्यात ठेवू नका, टीव्हीच्या बाजूला. फरशी पुसताना पाणी लागतं.